स्टेअरिंगवर हात ठेवून

हवालदार कुठल्याही गाडीत चढायच्या आधी चपला काढत. ट्रक असो, जीप असो, नाहीतर कुणाचं खटारं असो. चपला काढायच्या, तळव्याला तळवा लावून काखेत मारायच्या आणि अनवाणी वर चढून ड्रायव्हरशेजारी बसायचं. नवख्या माणसाला वाटे, म्हातारा भाविक दिसतोय, गाडीला देव मानतोय. देवाबिवाचा काही संबंध नव्हता. गाडीचं दुखणं ते तळपायांनी ऐकत, म्हणून पाय उघडे लागत.

त्यांच्याबद्दल मी लिहायला बसलोय ते कौतुक करायला नव्हे. तो हक्क माझ्याकडं उरलेला नाही. मी त्या माणसाशी खोटं बोललो, समोरासमोर, शपथेवर. त्या खोट्यावर माझं नाव झालं आणि त्यांचं गेलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी त्यांच्या गमतीजमती सांगायला लागलो की वाचणाऱ्यानं मला फार चांगला माणूस समजू नये.

उंच, वाळका देह. खाकी अर्धी चड्डी, वर बंडी. पलटणीतून निवृत्त झालेला माणूस म्हणजे साताऱ्यात भरघोस मिशा आल्याच, पण हवालदारांचा ओठ सफाचट. कुणी विचारलंच तर म्हणत, "मिशीत ग्रीस आडकतं. एकदा आडकलं की दोन दिस जेवणाला वास येतो." सैन्यात त्यांनी सगळी नोकरी गाड्या दुरुस्त करण्यात काढली होती. डोंगरातल्या रस्त्यांवर रसद नेणारे ट्रक त्यांच्या हाताखालून जात. निवृत्त झाल्यावर साताऱ्याबाहेर हमरस्त्याला लागून त्यांनी पत्र्याची शेड घातली. पाटी नव्हती. इंजिनाचं काम ते घेत नसत. "काळीज बघायला दुसरं डाक्टर हायत, मी हाडाचा," असं म्हणत. गाडी थरथरते, एका अंगाला ओढते, खड्ड्यात उडते, चाक नाचतं, एवढ्याच तक्रारी ते घेत. पण त्यासाठी कोल्हापूरपासून गाड्या येत.

निदानाची त्यांची रीत ठरलेली. "हाताला कळलं तर म्होरलं, बुडाला कळलं तर मागलं. एकाच वेगाला यिऊन जात आसंल तर चाकात. खड्ड्यानंतर चालू हुत आसंल तर स्प्रिंगच्या पाट्यात, न्हाईतर सांध्यात." हे ते कुणालाही सांगत, लपवाछपवी नव्हती. पुढचं मात्र त्यांचे पाय सांगत, आणि ते कुणाला शिकवता येत नव्हतं.

एकदा ते पाहुण्यांच्या लग्नाला वऱ्हाडाच्या ट्रकमधून निघाले होते. नवरामुलगा पुढं ड्रायव्हरजवळ, बाकीचे मागं हौद्यात. हवालदार मागं बायाबापड्यांच्या घोळक्यात उभे. घाट उतरल्यावर त्यांनी केबिनवर थापा मारायला सुरुवात केली. ट्रक थांबवला. म्हणाले, मागल्या उजव्या चाकाचे नट ढिले आहेत. ड्रायव्हर म्हणाला, कालच आवळलेत. वरबाप म्हणाला, आवं मुहूर्त टळतोय. हवालदार शांतपणे खाली उतरले आणि चाकापुढं मोठा धोंडा लावून त्यावर बसून राहिले. शेवटी ड्रायव्हरनं शिव्या घालत पाना आणला, तर दोन नट नुसत्या बोटानं फिरले आणि तिसऱ्याचा बोल्ट तडकलेला. ते सगळं नीट होईपर्यंत मुहूर्त गेला. वधूपिता मांडवात तांबडालाल होऊन उभा होता. त्याला हवालदार म्हणाले, "मुहूर्त भटजी दुसरा काढतील. नवरा कोन काढणार हुतं?" त्या लग्नात त्यांना मानाचा फेटा काही मिळाला नाही.

गाडीत फेरफार केलेले त्यांना मुळीच खपत नसे. त्या वर्षांत आमच्या भागात ते वेड फार होतं. ऊस वाढला होता, कारखान्याला जास्त टन न्यायचे म्हणून जो तो चासी लांबव, पाटे वाढव, टायर मोठे घाल असं करत होता. हवालदार अशा गाडीभोवती एक चक्कर मारत आणि मालकाला म्हणत, "गाडी म्हंजे इजार न्हवं रं, नाडी ढिली केली की झालं मोठं माप." तरी गाडी घेत. शिव्या घालून झाल्यावरच घेत.

पण खरी गंमत होती ती जबानीची. ते तिला जबानीच म्हणत. गाडी शेडमध्ये आली की मालकाला किंवा ड्रायव्हरला वर बसवायचं, त्याचा उजवा हात स्टेअरिंगवर ठेवायला लावायचा आणि गाडी घेतल्यापासून तिला काय काय केलं ते सगळं वदवून घ्यायचं. काय मोडलं, कुणी जोडलं, कुठला भाग नवा, कुठला जुना. शेडच्या भिंतीवर डांबर फासलेला एक काळा चौकोन होता. त्यावर खडूनं गाडीचा सांगाडा काढलेला असे. मालकानं स्टेअरिंगवर हात ठेवून 'हे मी नवं घातलंय, ठीक आहे' असं सांगितलं, की हवालदार त्या भागावर फुली मारत. आणि फुली मारलेला भाग ते कधीच उघडत नसत. काही झालं तरी नाही.

एक वकील आपली जीप घेऊन आले होते. त्यांनी जबानी द्यायची सोडून हवालदारांचीच उलटतपासणी सुरू केली. तुम्हाला हा अधिकार कोणी दिला, मी खोटं बोललो तर पुढे काय, वगैरे. हवालदारांनी खडू खाली ठेवला. "वकीलसायेब, जीप दुसरीकडं न्या. तुमी सवालाला सवाल देता. मला दुखणं सापडायचं न्हाई." जीप खरंच परत गेली.

फुली मारलेलं का उघडत नाही, असं मी एकदा थोरल्या बंधूंबरोबर शेडवर गेलो असताना विचारलं होतं. ते म्हणाले, "फौजेत एकानं सही केली की दुसरा त्यो नट परत तपासत नव्हता. त्याच गाडीत बसून डोंगरावर जायचा. आता शपथेवर सांगिटलेलं मी उघडून बगायचं, म्हंजे त्याला त्वांडावर खोटा म्हणायचं. त्यापरास धंदा न केलेला बरा." मला तेव्हा हे हसण्यावारी नेण्यासारखं वाटलं होतं. मी नुकताच सांगलीहून डिप्लोमा घेऊन आलो होतो आणि मला बऱ्याच गोष्टी हसण्यावारी नेण्यासारख्या वाटत.

आमचं घर कडेगावजवळचं. थोरले बंधू, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, त्यांनी लष्कराच्या लिलावातला एक जुना परदेशी ट्रक घेतला होता. मग सगळ्यांनी केलं तेच आम्ही केलं. चासी मधोमध कापून चार फुटांचा तुकडा जोडला, मागं दोन दोन पाटे वाढवले, पुढं एकेक. हंगामात ऊस आणि तो संपत आला की तासगावची द्राक्षं पुण्याला. दुष्काळ सरल्यानंतरचं ते वर्ष होतं. दोन वर्षांनी घरात जरा धुगधुगी आली होती आणि ती सगळी त्या एका ट्रकावर होती. अण्णा मला चारचौघांत 'आमचा इंजिनेर' म्हणत. नुसतं म्हणत नसत, म्हणताना माझ्या खांद्यावर हात ठेवत.

उसाच्या शेवटच्या खेपांपैकी एका खेपेला पुढच्या डाव्या पाट्यांचा मधला बोल्ट तुटला. सेंटर बोल्ट म्हणतात त्याला. पाट्यांच्या चळतीतून तो आरपार जातो आणि त्याचं डोकं खाली ॲक्सलच्या भोकात चपखल बसतं. त्यामुळं पाटे आणि ॲक्सल एकमेकांवर सरकत नाहीत. बोल्ट बोटभर, पण काम मोठं. अण्णा म्हणाले, "तू हायस की आता. बाहेर कशाला दाखवायचं?" मी छाती फुगवून काम घेतलं.

त्या ट्रकाची मापं इंचातली आणि अडनिडी. तसला बोल्ट कराडला मिळाला नाही, सांगलीत मिळाला नाही. दोन दिवस गेले. ऊस तोडून फडात पडला होता आणि अण्णा तासातासाला येऊन विचारत होते. शेवटी मी साधा बोल्ट घेतला आणि लेथवर त्याचं डोकं गोल करून आणलं. ते भोकात लहान पडलं, खुळखुळ वाजायला लागलं. मग मी तुपाच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून डोक्याभोवती गुंडाळली, भोकात ठोकून बसवली, वरून ग्रीस थापलं, पाटे ॲक्सलला जखडणारे यू बोल्ट आवळले. दिसायला झकास दिसत होतं. अण्णांना सांगितलं, ओरिजिनल मिळाला. काय गरज होती सांगायची? 'चालचलाऊ केलंय, पुढं बदलू' असं म्हटलं असतं तरी ते काही बोलले नसते. पण इंजिनेराला चालचलाऊ म्हणवेना.

ऊस ओढून झाला आणि द्राक्षाच्या पहिल्या खेपेपासून गाडी नाचायला लागली. खड्ड्यातून पुढचं चाक गेलं की स्टेअरिंग असं काही झटके द्यायचं की अण्णांचे हात दुखून यायचे. केबिनची दारं खडखडायची. गाडी पार उभी करावी तेव्हा ते थांबायचं. पेट्यांमध्ये घडांचे मणी सुटून तळाला रस साचलेला. दुसऱ्या खेपेला तासगावच्या बागायतदारानं निरोप धाडला, आणखी एकदा असा माल पोहोचला तर पेट्या दुसऱ्या गाडीत भरू.

मला संशय आला होता असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत राहिलो. खरं म्हणजे संशय नव्हता. मला ठाऊक होतं.

अण्णांनी गाडी साताऱ्याला हवालदारांकडं घातली. हवालदारांनी भोवती चक्कर मारली, चासीच्या जोडावर थुंकल्यासारखं केलं, नाडी आणि इजार ऐकवून झालं. मग अण्णांना वर बसायला सांगितलं. अण्णा म्हणाले, "आवं, जबानी ह्याची घ्या. काम समदं ह्यानं केलंय. डिप्लोमा झालाय त्येचा."

मी वर चढलो. स्टेअरिंगवर हात ठेवला. ऊन लागून ते तापलं होतं. हवालदार खडू घेऊन एकेक विचारत गेले. किंगपिन? जुनी. टायरॉड? जुना. चाकं? मोठी घातली. मी भराभरा सांगत होतो.

"डावा पाटा?"

"सेंटर बोल्ट तुटला होता. बदलला."

"कसला घातलास?"

अण्णा खाली दारापाशी उभे होते. माझ्याकडं बघून हसत होते.

"ओरिजिनल. नवा. मी स्वतः बसवला."

हवालदारांनी भिंतीवरच्या डाव्या पाट्यावर फुली मारली.

मग त्यांनी हौद्यात वाळूची पोती भरायला लावली, चपला काखेत मारल्या आणि अण्णांना हमरस्त्यावरच्या पुलापर्यंत गाडी काढायला सांगितली. मी मध्ये बसलो होतो. हवालदारांनी डोळे मिटले होते. वेगाचा काटा चालत नव्हता, पण त्यांना काटा लागतच नसे. "ह्या वेगाला गप हाय... हितं बी गप..." असं पुटपुटत होते. पुलाअलीकडच्या खड्ड्यात चाक गेलं आणि स्टेअरिंगनं नाच सुरू केला. हवालदारांचा डावा पाय हळूच पुढं सरकला आणि फळीवर घट्ट बसला. "थांबीव," ते म्हणाले.

गाडी थांबली. ते डोळे उघडून म्हणाले, "डाव्या पाट्यात कायतरी सरकतंय. आदी टक करतंय, मग चाक नाचतंय." आणि माझ्याकडं वळले. "इंजिनेर, बोल्ट नवा म्हणलास न्हवं?"

"हो."

"भोकात गच बसला हुता?"

"हो."

त्यांनी आपल्या पायाकडं पाहिलं. मग म्हणाले, "मंग पाय चुकत्यात."

पुढचे आठ दिवस त्यांनी त्या ट्रकावर जे केलं ते आठवलं की अजून मला बसल्या जागी घाम येतो. किंगपिना बदलल्या. टायरॉडचे सांधे बदलले. बेरिंगं काढून रॉकेलमध्ये धुऊन परत बसवली. पुढची चाकं मागं, मागची पुढं, डावी उजवीकडं केली. एकेक चाक जॅकवर उचलून हातानं फिरवायचं, जड बाजू खाली येऊन थांबली की खडूची खूण करायची, असं दिवसभर करत बसले. प्रत्येक कामानंतर पोती भरायची, पुलापर्यंत जायचं, आणि तोच खड्डा, तोच नाच. परत येताना ते पहिल्या दिवशी बोलत होते, तिसऱ्या दिवशी कमी बोलायला लागले, पुढं पुढं काहीच बोलेनात. मी रोज त्यांच्या हाताखाली राबत होतो. पाने देत होतो. काय पण माझी सेवा!

सहाव्या का सातव्या दिवशी मी दुपारी जेवून शेडमध्ये परतलो तर ते ट्रकाखाली उताणे पडले होते. हातात पाना होता आणि तो डाव्या पाट्याच्या यू बोल्टवर लागलेला होता. माझी चाहूल लागली आणि त्यांनी चटका बसावा तसा हात काढून घेतला. बाहेर सरकून उठले, अंगाची धूळ झाडली. माझ्याकडं त्यांना बघवत नव्हतं. "न्हाई रं, उघडत न्हव्हतो. नुसतं बगत हुतो," ते म्हणाले. "तुजा शबुद हाय म्हायती हाय मला."

शरमायचं कुणी आणि शरमत होतं कोण! त्या क्षणी सांगायला हवं होतं. अण्णा तिथं नव्हते, कुणीच नव्हतं. मी म्हणालो, "असू द्या हवालदार, चालायचंच." म्हणजे मी त्यांना माफ केलं!

आठव्या दिवशी त्यांनी अण्णांना सांगितलं, "माज्यानं हुत न्हाई. दुसरीकडं दावा." असं ते आयुष्यात पहिल्यांदा कुणाला म्हणत होते.

गाडी घरी आणली. मी कोल्हापूरच्या भंगारबाजारात दोन दिवस धुंडाळून अगदी त्याच मापाचा बोल्ट मिळवला. अण्णा बाजाराला गेले त्या दिवशी पाटा उघडून तासाभरात बसवला. पत्र्याची पट्टी चेपून कागदासारखी झाली होती. ती आणि जुना बोल्ट मळ्याच्या विहिरीत टाकून दिला. ट्रक लोण्यासारखा चालायला लागला. अण्णांना सांगितलं, जरा पुस्तकं चाळली, दोष सापडला.

अण्णांना आनंद पोटात ठेवता येत नसे. पुण्याला द्राक्षं घेऊन जाताना त्यांनी मुद्दाम साताऱ्याला गाडी थांबवली. शेडसमोर चहाला चार ड्रायव्हर बसले होते. त्यांच्यासमोर अण्णा ओरडले, "हवालदार, तुमी आठ दिस लावलं. आमच्या पोरानं यका दुपारीत काढलं!"

हवालदार पुढं आले. चपला काढून वर चढले, पुलापर्यंत जाऊन आले. खड्ड्यात चाक गेलं आणि गाडी सरळ पुढं निघाली. त्यांनी मला विचारलं, "काय हुतं?" साहेबानं विचारावं तसं नाही, विद्यार्थ्यानं विचारावं तसं विचारलं. आणि मी त्यांना ॲक्सलचा कल, चासी लांबवल्यामुळं बदललेला कोन, त्यासाठी लावायची पाचर असलं काहीतरी पुस्तकी सांगितलं. अर्धं इंग्रजीत. ते मान डोलावत ऐकत होते. एक शब्द त्यांनी दोनदा म्हणून पाहिला, विसरू नये म्हणून.

"म्हंजे डावा पाटा न्हव्हता?"

"नव्हता."

ते खाली उतरले, चपला घातल्या आणि शेडमध्ये गेले.

त्यानंतरच्या गोष्टी मला ड्रायव्हर लोकांकडून कळत गेल्या. हवालदारांनी पलटणीतले जुने बूट पायांत चढवलेत. गाडीत बसतानाही ते काढत नाहीत. ते म्हणतात, पाय बधीर झालेत, साखर झाली असेल. डॉक्टरनं तपासलं, सुई टोचून पाहिली, काही नाही म्हणाला, तर म्हणे डॉक्टर नवशिका आहे. कुणी म्हणालं, जबानी बंद झाली, आता सगळंच उघडून बघतात आणि तरी कशाचा भरवसा धरत नाहीत. वर्षभरात शेडला कुलूप लागलं. ते साताऱ्याजवळच्या आपल्या गावी जाऊन राहिले.

आणि त्यांची गिऱ्हाइकं माझ्याकडं आली. हवालदारांना जमलं नाही ते ज्यानं एका दुपारीत केलं तो इंजिनेर, असं माझं नाव झालं होतं. मी कडेगावला गॅरेज काढलं. काढलं त्याच महिन्यात एक टेंपो दारात उभा राहिला. हवालदार आले होते. मागं त्यांचे जॅक, लोखंडी घोड्या, पान्यांची पेटी, सगळं. म्हणाले, "माज्याकडं गंजून जाईल. तुज्या हाताला लागंल." मी नको म्हणालो का? म्हणालो, एकदा, तोंडदेखलं. मग उतरवून घेतलं आणि वाकून त्यांच्या पाया पडलो. पायांत बूट होते.

त्या पान्यांनी मी सहा वर्षं काम केलं. चांगलं काम केलं. पण गाडी तपासायला मी कधी कुणाला स्टेअरिंगवर हात ठेवायला सांगितलं नाही. कुणी काहीही सांगो, मी सगळं उघडून बघायचो. लोक म्हणत, फार बारकाईनं बघतो हा माणूस.

एकदा कामासाठी साताऱ्याला गेलो होतो, तर स्टँडवर हवालदारांची मंडळी भेटली. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. मी विचारलं, हवालदार बरे आहेत ना? त्या म्हणाल्या, "काय सांगू बाबा. डाक्टर म्हंतोय पाय चांगलं हायत. पर ह्येंचा इस्वासच न्हाई. अंगणातनं गोठ्यात जायाचं तर काठी लागती. पाय फशिवत्यात म्हंत्यात. मळ्याकडं गेलं न्हाईत ह्या वर्सात." त्यांच्या हातात भाजीची पिशवी होती. ती मी घेतली आणि त्यांच्याबरोबरच बसमध्ये चढलो. आता सांगायचं असं ठरवलं नव्हतं. पिशवी घेतल्यावर परत फिरायला जागा राहिली नाही एवढंच.

हवालदार ओसरीवर बसले होते. अंगानं निम्मे झाले होते. पायांत बूट, शेजारी काठी. मला बघून हरखले. "ये ये, इंजिनेर. आगं, च्या टाक." मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बसलो असतो तर निघालं नसतं. बोल्ट, लेथ, पत्र्याची पट्टी, शपथ, विहीर, सगळं. मावशी दारात थांबल्या होत्या.

हवालदार रागावले नाहीत. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "पत्रा कसला हुता?"

"तुपाच्या डब्याचा."

"किती फेर दिलंस?"

"दोन."

त्यांनी बोटांनी हवेत काहीतरी धरून पाहिलं. "म्हंजे भार आला की पत्रा दबायचा. ॲक्सल मागं सरकायचा. तवा ती टक." त्यांचे डोळे लकाकले. "रिकाम्या गाडीत मला दिसलंच नसतं. बराबर हाय. बराबर हाय!" मग मावशींकडं वळून म्हणाले, "आगं ऐकलंस का? पाय चुकलं न्हव्हतं माजं!"

मावशी हसल्या नाहीत. त्या माझ्याकडं बघत होत्या. हवालदारांनी खाली वाकून बुटांची नाडी सोडायला घेतली, पण गाठ सुटेना. मावशींनी खाली बसून ती सोडली. बूट निघाले. आतले पाय पांढरेफटक, उन्हाचा स्पर्श नसलेले. त्यांनी ते ओसरीच्या फरशीवर ठेवले. चेहऱ्यावरची लकाकी हळूहळू गेली. गेलेली सहा-सात वर्षं त्यांच्या आता ध्यानात येत असावीत.

"हवालदार, तुमची हत्यारं मी उद्या आणून देतो," मी म्हणालो. तेवढंच सुचलं.

"काय करू त्येचं?" ते म्हणाले. "आता जॅक बी उचलायचा न्हाई माज्यानं."

मग त्यांनी विचारलं, "खोटं का बोललास रं?"

"अण्णा समोर होते. त्यांनी मला इंजिनेर म्हटलं होतं."

हवालदार माझ्याकडं बघत राहिले. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं.

"येवढंच?" ते म्हणाले. "आरं गड्या, मालकाम्होरं कोन खरं बोलतंय? निम्मं डायव्हर जबानी दिऊन घटकाभरानं मुतायच्या निमतानं मागल्या बाजूला यायचं आन खरं काय ते सांगून जायाचं. मी गपचिप बदलून द्यायचो. त्यांच्या मालकाला आजून पत्त्या न्हाई. आठ दिस मी वाट बगितली तुजी. म्हनलं, पोरगं यिल मागल्या बाजूला. न्हाई आलास, तवा म्हनलं, खरंच बोलत आसंल."